लिहायला बसते आणि दर वेळी त्याच दारापाशी अडते

अर्धीओळ

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिला बायपोलर होतं, म्हणजे मन कधी बेफाम चढायचं, कधी पार खचायचं असा आजार, पण हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर घरात त्याला नुसतं "तिचं सुरू झालंय" एवढंच म्हणायचे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून मी आठ-दहा वेळा तरी बसले असेन. सुरुवात छान होते. तिचा आवाज, ती चालता चालता एकदम थांबून गुणगुणायची ते, चांगल्या दिवसांत रात्री बारा वाजता आम्हाला उठवून गच्चीवर नेऊन चांदण्या मोजायला लावायची ते, सगळं सरसर येतं, कधी कधी तीन-चार पानं होतात. आणि मग ती एक रात्र येते. मी एकोणीस वर्षांची, बाबा बाहेरगावी, ताई नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघीच. आई तीन दिवस झोपली नव्हती. त्या रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी लागली आणि ती सकाळपर्यंत उघडली नाही. ती आतून दार वाजवत होती. सकाळी सगळ्यांना हेच कळलं की कडी अडकली होती.

याच्या पुढे एक ओळ लिहिता येत नाही. हात गार पडतात, पोटात गोळा येतो, लॅपटॉप मिटून मी उठते आणि मग दोन-दोन महिने त्या फाइलकडे बघत नाही. नंतर ती कडी दारावर राहिली नाही, कुणीतरी काढून टाकली, स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली, आणि घर रिकामं करेपर्यंत जाता-येता माझी नजर तिकडेच जायची.

ज्यांनी असलं काही लिहिलंय त्यांना विचारायचंय, धीर कुठून आणलात? की धीर वगैरे काही नसतं आणि मीच उगाच वाट बघत बसलेय? ताईला काय वाटेल हीही भीती आहे, आणि आई तर आता तिची बाजू सांगायला नाहीच. मग मी एकटीनेच सांगणं बरोबर आहे का, तेही समजत नाही.

जुनीवही

अर्धीओळ, आधी तुला जवळ घेते असं समज.

माझं उत्तर असं की धीर आधी येत नाही गं. मी एकतीस वर्षं त्याची वाट बघितली. माझं पहिलं बाळ जन्मायच्या आधीच गेलं होतं. नंतर दोन मुलं झाली, मोठी झाली, कामाला लागली, आणि त्या पहिल्या बाळाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. लिहायचं ठरवलं की मोठ्ठी वाक्यं यायची, "मातृत्व" वगैरे, आणि दोन ओळींनंतर मलाच ती खोटी वाटायची.

मग एकदा कपाट आवरताना जुन्या कागदांमध्ये एक पट्टी सापडली. बाळाच्या मनगटाला बांधतात ना, ती. पिवळी पडलेली, एका कडेला दुमडलेली, आणि वर बॉलपेनने माझं नाव लिहून पुढे "चे बाळ". बाळाला नाव नव्हतं म्हणून माझं नाव. त्या दिवशी मी फक्त त्या पट्टीबद्दल लिहिलं. किती लांब होती, शाई कुठे पसरली होती, गाठ कशी होती. दुःख हा शब्दसुद्धा लिहिला नाही. अर्धं पान झालं आणि मग मी तासभर रडले, पण ते रडणं वेगळं होतं, त्यात कोंडल्यासारखं काही नव्हतं.

म्हणून म्हणते, "ती रात्र" लिहायला बसूच नकोस. रात्र फार मोठी आहे. तुझ्याकडे चार भोकं आहेत की. ती लिही.

मधला_भाऊ

थोडं वेगळं बोलतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

सगळंच लिहायला पाहिजे असं मला वाटत नाही. आमचे वडील रोज डायरी लिहायचे. ते गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी त्या वह्या उघडल्या आणि त्यात आमच्याबद्दल, आमच्या आईबद्दल जे काही लिहिलेलं होतं ते वाचून धाकट्या बहिणीने जे मन मिटून घेतलं ते अजून उघडलेलं नाही. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं की हिच्या वेळी मूल नको होतं. रागाच्या भरात एखाद्या रात्री लिहिलं असेल, दुसऱ्या दिवशी विसरलेही असतील, पण कागद विसरत नाही. तिने ते वाक्य पाठ करून ठेवलंय आणि वडील आता समजूत घालायला नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही फक्त अब्रूसाठी नाही, कधी कधी ते समोरच्याला वाचवण्यासाठी असतं.

अर्धीओळ, तुम्ही लिहा, पण आधी ठरवा की तो कागद तुमच्या मागे कुणाच्या हातात जाणार आहे.

तळटीप

मधला_भाऊ, तुमच्या बहिणीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पण यातून मला हे दिसतं की लिहिणं आणि ठेवणं या दोन गोष्टी आहेत आणि दाखवणं ही तिसरी, आणि आपण तिन्ही एकातच कालवतो म्हणून पहिल्यालाच हात घालायला घाबरतो.

या विषयावर मी बरंच वाचलंय म्हणून लिहितो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांचा १९८६ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींना अगदी साध्या विषयांवर आणि काहींना आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवावर. दुसऱ्या गटातही फरक केला होता, काहींनी फक्त काय घडलं ते लिहायचं, काहींनी फक्त काय वाटलं ते, आणि काहींनी दोन्ही. ज्यांनी दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आजारपणामुळे डॉक्टरकडे फेऱ्या कमी झाल्या. पण, आणि हा भाग लोक सांगताना गाळतात, लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं, रक्तदाबही थोडा चढलेला होता. म्हणजे लिहून उठल्यावर जीव घाबरा होतो तेव्हा आपलं काहीतरी चुकलं असं समजू नये. पुढे अशा १४६ प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्र हिशोब मांडला गेला, त्यातही फायदा दिसतो पण तो लहान दिसतो, त्यामुळे लिहिलं की सगळं बरं होतं असं कुणी सांगत असेल तर तेवढंही खरं मानू नका.

पेनेबेकर यांनी नंतर एक गोष्ट नोंदवली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता कळतंय" अशा शब्दांचं प्रमाण वाढत गेलं त्यांना जास्त फायदा झाला. चारही दिवस तेच ते तसंच लिहिणाऱ्यांना तेवढा नाही.

आणि आपल्याकडे बघायचं तर तुकोबांचा तो अभंग आठवा ज्यात ते स्वतःची हकीकत सांगतात. सुरुवातीलाच म्हणतात की हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे संकोच त्यांनाही होता, आणि कुणीतरी विचारणारं त्यांनाही लागलं. मग दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, हे सगळं दीड-दोन ओळींत. पुढच्याच ओळीत लाज वाटली म्हणतात. एकही विशेषण नाही. बायकोच्या मरणाशेजारी लाज ठेवायला काय काळीज लागलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

रात्रपाळी

मला लिहिता येत नाही, वाचतो फक्त. पण मी सायकॅट्री वॉर्डला बारा वर्षं ड्यूटी केलीये म्हणून एक सांगतो.

तीन दिवस न झोपलेला, मेनियामधला, म्हणजे मन बेफाम चढलेल्या अवस्थेतला पेशंट सांभाळायला आम्ही तीन-चार जण असतो, शिकलेले असतो, डॉक्टर एका फोनवर असतो, औषध भरलेलं असतं. तरी घाम फुटतो. तुम्ही एकोणीस वर्षांच्या होता आणि एकट्या होता.

एवढंच.

गवताचं_पातं

मी इथे तीन वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. अर्धीओळ, रागावू नकोस, मी तुझी पोस्ट चार वेळा वाचली आणि मला एक गोष्ट दिसली ती सांगू की नको असं झालं, पण मला माझ्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं म्हणून सांगते.

"त्या रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी लागली." "सगळ्यांना हेच कळलं की कडी अडकली होती." "कुणीतरी काढून टाकली." तुझ्या पोस्टमध्ये चांदण्या मोजायला लावणारी आई आहे, गार पडणारे हात आहेत, पण त्या रात्रीच्या वाक्यांत माणूसच नाही. कडी आपोआप लागते, आपोआप उघडत नाही. आपल्या भाषेत ही सोय फार आहे बघ. फुटलं, तुटलं, सांडलं, लागलं, राहून गेलं. लहान मूलसुद्धा "कप फुटला" म्हणतं, "मी फोडला" म्हणायला त्याला कुणीतरी समोर उभं करावं लागतं.

हे मला कळलं कारण मीही तेच करत होते, फक्त उलट्या बाजूने. मी नऊ ते बारा वर्षांची असताना घरातल्याच एका मोठ्या माणसाने माझ्याशी जे केलं ते मी पंचवीस वर्षं "माझ्याबाबतीत एक प्रकार झाला" असं लिहीत होते. प्रकार! डायरीच्या पानापानावर प्रकार झाला, तसं घडलं, ते दिवस आले. जणू पाऊस पडला. त्या सगळ्या वाक्यांत करणारा कुठेच नव्हता आणि म्हणून सगळा चिखल माझ्याच अंगावर राहायचा. एके दिवशी दुपारी मी "त्याने" हा शब्द लिहिला. नाव नाही, नातं नाही, फक्त "त्याने" आणि पुढे क्रियापद. पेन दोनदा खाली पडलं. ते एक वाक्य लिहायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि त्यानंतर मी इतकी थकले की बसल्या जागी झोपले.

तेव्हापासून मला वाटतं की हा जो धीर धीर म्हणतात तो आख्ख्या गोष्टीला लागतच नाही, तो एका वाक्याला लागतो. बाकीची पानं सोपी असतात, तू स्वतःच म्हणालीस सरसर येतात म्हणून. त्या एका वाक्यात करणारा कोण ते लिहायला जो काही धीर लागतो तेवढाच लागतो. मला "त्याने" लिहायचं होतं. तुला बहुतेक "मी" लिहायचंय. मी चुकत असेन तर माफ कर, ही पोस्ट काढून टाकते.

अर्धीओळ

काढू नकोस.

मला थोडा वेळ लागेल. आज काही लिहवत नाही. पण काढू नकोस.

निळीशाई

गवताचं_पातं, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल फार फार आभार, याहून जास्त काही बोलण्याची माझी लायकी नाही.

मी दाखवण्याबद्दल बोलते कारण त्यात मी पोळलेय. घरातल्या कर्जाबद्दल, वडिलांच्या जुगाराबद्दल आणि त्यापायी आम्ही रातोरात घर सोडलं त्याबद्दल मी एक लेख लिहिला आणि तो एका मासिकात छापून आला. लेख चांगला होता, खरा होता, अनोळखी लोकांची पत्रं आली, काही पत्रं अजून जपून ठेवलीयेत. पण त्यात मी भावाबद्दल तीन ओळी लिहिल्या होत्या, की घर सोडताना त्याने अंथरूण ओलं केलं होतं आणि ती ओली गादी आम्ही तशीच गुंडाळून नेली. तो तेव्हा अकरा वर्षांचा. माझ्या दृष्टीने ती त्या लेखातली सगळ्यात मायेने लिहिलेली ओळ होती, त्या गादीचा वास लिहिताना मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटत होतं. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी तो लेख वाचला. पावणेदोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

नंतर बोलला तेव्हा एकच म्हणाला, "घर आपलं होतं, जुगार बाबांचा होता, पण ती रात्र माझी होती. ती तू न विचारता दिलीस."

यावर मी खूप विचार केलाय. एखाद्या प्रसंगात पाच माणसं असली तर तो प्रसंग पाचांचा असतो हे खरं, पण म्हणून चौघांची परवानगी मिळेपर्यंत पाचव्याने गप्पच बसायचं असंही नाही, नाहीतर ज्याने छळलं त्याचीही परवानगी मागावी लागेल. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की ज्याने केलं त्याला विचारायचं नाही, पण ज्याने माझ्याबरोबर सोसलं त्याला छापायच्या आधी वाचायला द्यायचं. लिहायच्या आधी नाही हं, छापायच्या आधी. लिहिताना कुणी खांद्यावरून वाकून बघतंय असं वाटलं तर एक अक्षर खरं उतरत नाही. बेबी कांबळे यांनी "जिणं आमुचं" या आपल्या आत्मकथनाचं लिखाण नवऱ्यापासून लपवून वीसेक वर्षं तसंच ठेवलं होतं, १९८६ मध्ये ते पुस्तक आलं. वीस वर्षं! त्या लपवण्याला मी भित्रेपणा म्हणूच शकत नाही, लपवलं म्हणून तर ते लिहून झालं.

मधला_भाऊ

निळीशाई, "ती रात्र माझी होती" हे वाचून मी बहिणीला फोन केला. काय बोललो ते इथे सांगत नाही. पण केला.

दिवेलागण

काउन्सेलर म्हणून काम करते, त्यामुळे थोडं व्यवहाराचं बोलते. वर सगळ्यांनी जे लिहिलंय त्याला धक्का न लावता.

आठवण सांगणं आणि आठवणीत जाऊन पडणं यात फरक असतो. सांगताना तुम्ही आत्ताच्या खुर्चीत असता, जाऊन पडलात की खुर्ची राहत नाही, तुम्ही पुन्हा त्या खोलीत असता आणि वय एकोणीसच असतं. लिहिता लिहिता श्वास उथळ झाला, अंग बधिर वाटायला लागलं, आजूबाजूचे आवाज लांब गेले, तर ते वाक्य पूर्ण करायचा हट्ट नको. पेन ठेवा, पाय जमिनीला टेकवा, उठून हाताला काहीतरी गार लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. वाक्य कुठे जात नाही, ते उद्याही तिथेच असतं. ज्या विषयाला हात लावल्यावर आपण पार कोलमडू असं वाटतंय त्यावर आत्ता लिहायचं नाही, दुसरं काही लिहायचं, हे खुद्द पेनेबेकर सुद्धा सांगतात. त्यात कमीपणा नाही.

वेळ बांधून घ्या. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. रात्री उशिरा शक्यतो नको, कारण लिहून झाल्यावर मनाला निवायला काही तास जागेपणी मिळायला हवेत. लिहून उठल्यावर लगेच माणसांत मिसळायची किंवा हाताने करायची काहीतरी साधी गोष्ट ठरवूनच बसा, कपडे घड्या करणं, झाडांना पाणी घालणं, काहीही. आणि पहिले काही दिवस परत वाचू नका. आपलंच लिखाण लगेच वाचलं की आपण त्याची भाषा सुधारायला लागतो आणि भाषा सुधारताना खरेपणा आधी जातो, हे मी फार जणांत पाहिलंय.

झोप पार उडाली, दोन-तीन आठवडे झाले तरी लिहिण्यानंतरची अस्वस्थता उतरतच नाही, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर वही बंद करून आधी माणूस गाठायचा. डॉक्टर, काउन्सेलर, जवळचं कुणी. वही ऐकून घेते, पण वही दार उघडून आत येऊ शकत नाही.

गवताचं_पातं, तुम्ही त्या दुपारी एकट्या होता का? आत्ता कुणी आहे का सोबत? इथे उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

गवताचं_पातं

दिवेलागण, आहे. आता आहे. विचारलंत म्हणून बरं वाटलं.

तळटीप

एक मुद्दा राहिला. "मी" लगेच लिहवत नसेल तर "ती" लिहून बघायला काय हरकत आहे? एकोणीस वर्षांची एक मुलगी, ती उठली, ती दारापाशी गेली. दया पवार यांच्या "बलुतं" या आत्मकथनामध्ये (१९७८) दगडू मारुती पवार हा दया पवारांनाच आपली गोष्ट सांगतो, नाव दोन आणि माणूस एकच. शिकून नोकरीला लागलेला माणूस आपल्याच लहानपणासमोर बसून ऐकतोय. जे थेट सांगताना घसा आवळतो ते असं हातभर अंतरावर ठेवलं की दिसायला लागतं.

गवताचं_पातं

हे मी केलं होतं आणि मला त्याचा उपयोग झाला, पण एका मर्यादेपर्यंतच. "ती" म्हणत मी दोन वर्षं लिहिलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या मुलीची मला दया येतेय पण ती मी आहे हे मी मानतच नाहीये, कुणा शेजारणीच्या मुलीबद्दल हळहळावं तसं. तेव्हा "ती" ने सुरू करावं, पण तिथेच मुक्काम करू नये असं मला वाटतं. बलुतंमध्येही दगडूचं आडनाव पवारच ठेवलंय की.

तळटीप

हो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जुनीवही

अर्धीओळ, आठ दिवस झाले. लिहिलं नाहीस तरी चालेल गं, फक्त बरी आहेस एवढं कळव.

अर्धीओळ

बरी आहे. जुनीवही ताई, तुमची ती पट्टी रोज आठवली.

काय झालं ते सांगते. पहिले दोन दिवस मी गवताचं_पातं वर मनातल्या मनात चिडले होते. तिसऱ्या दिवशी माझी जुनी फाइल उघडली आणि त्यातल्या सगळ्या ड्राफ्टमध्ये ते वाक्य शोधलं. नऊ ड्राफ्ट आहेत. "कडी लागली", "दार बंद झालं", "दार बंदच राहिलं", "कडी घातली गेली" असंसुद्धा एकदा लिहिलंय, असं मी आयुष्यात कधी बोलत नाही. नऊच्या नऊ. मग वही घेतली, लॅपटॉप नको वाटला, सकाळी दहाला बसले, वीस मिनिटांचा गजर लावला आणि आधी फक्त चार भोकं लिहिली. त्यानंतर जे आलं ते जसंच्या तसं देते, सुधारलेलं नाही.

"भोकं चार. वरची दोन सरळ, खालच्या दोनातलं एक वाकडं, कारण स्क्रू बसवताना लाकूड चिरलं होतं. कडी पितळी होती आणि सैल होती, लावताना जरा उचलून मग सरकवावी लागायची, नुसती ढकलली तर बसायची नाही. म्हणजे चुकून लागण्यासारखी ती कडीच नव्हती. मी ती उचलली. मग सरकवली. आई आत पलंगावर बसून मोठमोठ्याने हिशोब करत होती, कसला ते कळत नव्हतं, आणि मला फक्त झोपायचं होतं. मी घाबरले होते असं मी सगळ्यांना सांगितलं असतं, पण मी घाबरण्यापेक्षा दमले होते. कडी मी लावली. ती साडेबारापासून दार वाजवत होती, आधी हाताने, मग कशाने तरी, मग पुन्हा हाताने. तीनला आवाज थांबला. आवाज थांबल्यावरही मी उठले नाही. मी उशी कानावर घेतली होती आणि आवाज थांबल्यावरही मी ती काढली नाही."

इथे गजर वाजला आणि मी खरंच उठले. दिवेलागण, कपडे घड्या केले. सगळे परत उलगडून पुन्हा केले. त्या दिवशी रात्री झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी आली.

रात्रपाळी, तुमचं "एकट्या होता" हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मला त्यातून सूट नको आहे, पण तेही खरंच होतं आणि माझ्या नऊ ड्राफ्टमध्ये तेही नव्हतं. "मी" लिहिल्यावरच ती मुलगी किती एकटी होती ते दिसलं, आधी तिथे कुणी नव्हतंच तर एकटं कोण असणार.

रात्रपाळी

वाचलं. दोनदा वाचलं.

निळीशाई

"आवाज थांबल्यावरही मी ती काढली नाही." यातला एक शब्दही बदलू नकोस.

ताईला दाखवणार आहेस का? घाई नाही, सहज विचारलं.

अर्धीओळ

दाखवलं. म्हणजे दाखवायचं ठरवलं नव्हतं. काल ताई आली होती, वही टेबलावर होती, मी ती उचलून आत ठेवायला गेले आणि मग नाही ठेवली. तिला म्हटलं हे वाच, मी बाहेर जाते. बाहेर जिन्यात बसून राहिले.

ती वाचून बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कडी मीच काढली होती. मी आले त्याच दिवशी, संध्याकाळी, तू झोपली होतीस तेव्हा. ती सैल कडी अशी अडकत नाही हे मला माहीत होतं." मी विचारलं मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू बोलशील म्हणून थांबले होते. मग खूप वर्षं झाली."

लिही म्हणाली. फक्त आई त्या रात्री दाराआडून जे एक वाक्य ओरडली होती (आईने नंतर कधीतरी तिला सांगितलं होतं, मला हे माहीतच नव्हतं) ते लिहू नकोस म्हणाली, ते आईचं आहे. मी हो म्हटलं. ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही.

आज सकाळी पुन्हा वीस मिनिटं बसले. तीन वाजल्यापासून उजाडेपर्यंतचं अजून बाकी आहे.